वायरवरचं तांबं आणि अणुभट्टीचं पात्र

हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये मिग वेल्डिंगच्या वायरचं रीळ बघा. लालसर चमकते. ती चमक तांब्याच्या पातळ मुलाम्याची. वायर गंजू नये, पावसाळ्यात रीळ खराब होऊ नये आणि टिपमधून करंट नीट जावा, एवढ्यासाठी तो असतो. शेडचे कैचे, पाण्याच्या टाक्या, ट्रॉल्या अशा कामांत या तांब्यानं काही बिघडत नाही. नेहमीच्या ईआर७०एस-६ वायरच्या मानकातही मुलाम्यासकट ०.५० टक्के तांब्याला मुभा आहे.

हाच मुलामा १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांच्या पात्रांच्या वेल्डमध्ये गेला आणि त्यातल्या काही पात्रांचं आयुष्य त्यानं ठरवून टाकलं. पोलादाची रासायनिक घडण आणि किरणोत्साराची इजा हा विषय पुस्तकात वाचताना फार सूक्ष्म वाटतो, पण त्याचं मूळ इतकं साधं आहे. म्हणून सुरुवात वायरपासूनच.

हिशोब कागदावर करता येतो. वायरचा व्यास ४ मिलिमीटर धरा. जाड प्लेटच्या सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगला, म्हणजे फ्लक्स नावाच्या भुकटीच्या थराखाली चालणाऱ्या वेल्डिंगला, अशीच जाड वायर लागते. तिच्यावर १ मायक्रॉनचा मुलामा असेल, तर मुलाम्याच्या आकारमानाचं वायरच्या आकारमानाशी प्रमाण चार गुणिले जाडी भागिले व्यास, म्हणजे हजारात एक. तांब्याची घनता ८.९६ आणि पोलादाची ७.८५, म्हणून वजनात ते प्रमाण ०.११ टक्के होतं. मुलामा २ मायक्रॉनचा झाला की ०.२३ टक्के. वायरच्या मूळ पोलादात भंगारातून आलेलं तांबं असतंच, ते यात मिळवा. मुलाम्याची जाडी रिळागणिक बदलते, कधी एकाच रिळात दोन टोकांना वेगळी असते. त्यामुळे एकाच वेल्डमध्ये इथे ०.१८ आणि हातभर पलीकडे ०.३० असं तांबं सापडू शकतं. वायर बनवणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर मात्र बहुधा ओतकामाच्या वेळचं विश्लेषण असतं, म्हणजे मुलामा चढण्याआधीचं.

आता हे पात्र कसलं ते बघू. हलक्या, म्हणजे साध्या पाण्यावर, ते दाबाखाली उकळू न देता चालणाऱ्या मोठ्या अणुभट्टीचं पात्र सुमारे २० सेंटिमीटर जाड भिंतीचं असतं. आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर. पाण्याचा दाब १५० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट) पुढे आणि भिंतीचं तापमान २९० अंश सेल्सिअसच्या आसपास. पंप बदलता येतो, स्टीम जनरेटरही बदलतात. पात्र बदलत नाहीत. पोलाद मँगनीज-मोलिब्डेनम-निकेल जातीचं. अमेरिकी ए५३३ बी प्लेट घेतली तर मँगनीज १.१५ ते १.५०, मोलिब्डेनम ०.४५ ते ०.६०, निकेल ०.४० ते ०.७० आणि कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आत. तांबं या यादीत नाही. ते कुणी घालत नाही, ते येतं.

पोलाद थंड झालं की एका विशिष्ट तापमानाखाली ते वाकण्याऐवजी तुटतं. हे संक्रमण तापमान चार्पी चाचणीनं काढतात: १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा तुकडा, मधोमध २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच, खाचेच्या तळाची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर. हातोडा पडतो आणि तुकडा तुटताना किती ऊर्जा खाल्ली ते वाचायचं. वेगवेगळ्या तापमानांना तुकडे तोडून आलेख काढला की नवीन चांगल्या पोलादाचं हे तापमान शून्याच्या खाली येतं. न्यूट्रॉनच्या माऱ्यानंतर अख्खा आलेख उजवीकडे सरकतो आणि त्याचा वरचा पठाराचा भाग खाली बसतो. ४१ ज्यूलच्या रेषेवर आलेख किती अंश सरकला, त्यावर पात्राचं वय मोजतात. वाईट वेल्डमध्ये ही सरक शंभर अंशांच्या बरीच पुढे जाऊ शकते. मग ते पोलाद नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी तर ठिसूळ असतंच, उकळत्या पाण्यात बुडवलं तरी ठिसूळच राहतं.

पोलादाच्या आत काय होतं? १ एमईव्हीचा, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूवर समोरून आदळला तर फार तर सुमारे ६९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. अणूला जागेवरून उठवायला ४० पुरतात. म्हणजे उठलेला पहिला अणू शेजाऱ्यांना ढकलत जातो, एका क्षणात शेकडो अणू विस्कटतात आणि बहुतेक परत बसतात. सगळे नाहीत. काही जागा रिकाम्या राहतात, काही अणू भलत्या ठिकाणी अडकतात. प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून एकावर एकोणीस शून्यं इतके वेगवान न्यूट्रॉन गेले, तर सरासरीनं दर हजार अणूंमागे पंधराएक अणू एकदा जागेवरून हलतात. हे फार नाही. नुसत्या एवढ्यानं पोलाद थोडं कडक झालं असतं, इतकंच.

खरी अडचण तांबं उभी करतं. कारखान्यात वेल्डनंतर पात्राला ६०० ते ६२० अंशांवर कित्येक तास ठेवून ताण काढतात. त्या तापमानाला लोखंड पाव टक्क्याच्या आसपास तांबं विरघळवून धरतं. मग पात्र गार होतं आणि तांबं तसंच अडकून पडतं. २९० अंशांना लोखंडात तांब्याची विद्राव्यता जवळजवळ शून्य, म्हणजे ते बाहेर पडायला टपलेलं असतं, पण या तापमानाला अणूंची हालचाल इतकी मंद की एरवी शतकंच्या शतकं गेली असती. न्यूट्रॉन रिकाम्या जागा पुरवतात. रिकामी जागा मिळाली की तांब्याचा अणू सरकतो, दुसऱ्या तांब्याच्या अणूला चिकटतो आणि दोन-तीन नॅनोमीटरच्या गाठी बनतात. एका घन मायक्रॉनमध्ये त्या लाखांच्या घरात असतात. पोलाद वाकताना जी विस्थापनं, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या चुकलेल्या ओळी, सरकायला हवीत ती या गाठींना अडतात. ताण वाढत जातो, आणि वाकण्याआधी तडा पळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. तांबं सुमारे ०.०७ टक्क्याच्या खाली असेल तर या तांबेरी गाठी बनतच नाहीत, म्हणून ०.०५ आणि ०.०३ मध्ये फारसा फरक पडत नाही. आणि पाव टक्क्याच्या वर गेलं की परिणाम जवळजवळ थांबतो, कारण जादाचं तांबं ताण काढतानाच मोठ्या कणांत बाहेर पडून निकामी झालेलं असतं. मधला पट्टा, ०.०७ ते ०.२५, तिथे शतांशाला किंमत आहे. धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या ऑपरेटरनं ०.१२ आणि ०.१६ "सारखंच" म्हणू नये.

निकेलचं नाव या विषयात फार बदनाम आहे, आणि ते पूर्ण बरोबर नाही. आधीच्या ए३०२ बी पोलादात निकेल नव्हतं. प्लेट जाड होत गेली तसं मधोमध नीट कडक होईना, म्हणून निकेल घातलं, आणि मूळचा चिवटपणा वाढला. पण तांब्याच्या गाठींवर निकेल, मँगनीज आणि सिलिकॉन येऊन बसतात, गाठी फुगतात आणि संख्येनंही वाढतात. म्हणजे तांबं कमी असेल तर निकेल निमूट असतं, तांबं जास्त असेल तर तेच निकेल इजा दुप्पट करतं. पुढे तांबं नगण्य असलं तरी, निकेल जास्त असलेल्या पोलादात फार मोठ्या माऱ्यानंतर मँगनीज-निकेल-सिलिकॉनच्या गाठी उशिरा बनतात हेही दिसलं. साठ-ऐंशी वर्षं चालवायच्या भट्ट्यांसाठी आता खरी चिंता ही आहे. पहिली चाळीस वर्षं सरळ गेलेला आलेख पुढे अचानक वर वळू शकतो.

मँगनीजचं नाव आलं की नागपूरकराला मॉइल या खाण कंपनीची आठवण येते: मुख्यालय इथेच, मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी जवळच. तांब्यासाठीही फार लांब जायला नको, बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड आहेच. पण पोलादात तांबं खाणीतून येत नाही, भंगारातून येतं: मोटारीचं वाइंडिंग, हार्नेसच्या तारा, रेडिएटर. एक टन भंगारात एक किलो तांब्याची तार राहिली की ०.१ टक्का झाला. आणि ते परत निघत नाही. ऑक्सिजन फुंकून कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस जाळता येतात. तांबं लोखंडापेक्षा कमी उत्साहानं ऑक्सिडाइज होतं, म्हणून ते शेवटपर्यंत वितळलेल्या लोखंडातच राहतं. उपाय दोनच. भंगार निवडून घ्या, किंवा खनिजापासून केलेलं लोखंड (उदाहरणार्थ स्पंज आयर्न) मिसळून तांबं पातळ करा. इंडक्शन भट्टीत तर फॉस्फरसही धड निघत नाही, कारण सिलिकाचं अस्तर आम्लधर्मी आणि चुन्याचा स्लॅग, म्हणजे वर तरंगणारी मळी, ते खाऊन टाकतो. स्पंज आयर्न घालून तांबं खाली आणता येतं, पण स्पंजबरोबर फॉस्फरस आला तर एक दुखणं काढून दुसरं घेतलं.

फॉस्फरसचा धडा सोव्हिएत बनावटीच्या व्हीव्हीईआर-४४० भट्ट्यांनी दिला. ही पात्रं रेल्वेनं न्यायची म्हणून बारीक ठेवली होती. त्यामुळे इंधन आणि भिंतीमधला पाण्याचा थर अरुंद, आणि भिंतीवर न्यूट्रॉनचा मारा जबर. पोलाद क्रोमियम-मोलिब्डेनम-व्हॅनेडियमचं, निकेल जवळपास नाही. पण इंधनाच्या उंचीवर आलेल्या आडव्या वेल्डमध्ये फॉस्फरस भरपूर. या वेल्डसाठी रशियन नियमातलं सूत्र सुटसुटीत आहे: फॉस्फरसच्या टक्क्यात तांब्याच्या टक्क्याचे सात शतांश मिळवा, ८०० नं गुणा, आणि दर चौरस सेंटिमीटरवरचा मारा एकावर अठरा शून्यांच्या किती पट आहे त्याच्या घनमुळानं गुणा. (त्यांच्याकडे न्यूट्रॉन ०.५ एमईव्हीच्या वरचे मोजतात, अमेरिकेत १ एमईव्हीच्या वरचे. आकडे थेट शेजारी ठेवू नयेत.) फॉस्फरस ०.०४०, तांबं ०.२० घ्या: गुणक ४३. मारा शंभरपट, घनमूळ ४.६४, म्हणजे सरक २०० अंश. फॉस्फरस ०.०१० आणि तांबं ०.०५ असतं तर गुणक १०.८ आणि सरक ५० अंश. पात्र तेच, वेल्डर तोच, मारा तोच. फॉस्फरस गाठींमध्ये तर बसतोच, शिवाय पोलादाच्या कणांच्या सीमांवर जाऊन त्या कमकुवत करतो.

अमेरिकी पद्धत १९८८ मधल्या नियामक मार्गदर्शिकेची, क्रमांक १.९९ ची दुसरी आवृत्ती. त्यात तांबं आणि निकेलवरून तक्त्यात रासायनिक गुणक बघायचा आणि माऱ्याच्या गुणकानं गुणायचा. मारा एकावर एकोणीस शून्यं असेल तर माऱ्याचा गुणक १, त्याच्या दहाव्या हिश्श्याला ०.४२, तिप्पट माऱ्याला १.२९. इजा सुरुवातीला भराभर होते आणि मग रेंगाळते. पहिल्या दहाव्या हिश्श्यातच चाळीस टक्के काम उरकलेलं असतं. तांबं ०.०३ आणि निकेल ०.६० असलेल्या वेल्डचा रासायनिक गुणक ४१ अंश फॅरनहाइट, म्हणजे २३ सेल्सिअस. तांबं ०.३२ आणि निकेल ०.५८ असेल तर १९९ फॅरनहाइट, म्हणजे १११ सेल्सिअस. तिप्पट माऱ्याला पहिल्याची सरक २९ अंश, दुसऱ्याची १४३.

यात मूळ तापमान आणि सुरक्षेची पुस्ती मिळवायची. मूळ तापमान चाचणीनं मोजलेलं उणे २० असेल, तर दुसऱ्या वेल्डची पुस्ती ३१ अंश धरून बेरीज १५४ वर जाते. उभ्या वेल्डची नियमातली मर्यादा १३२ अंश, आडव्या वेल्डची १४९. म्हणजे हा वेल्ड कुठल्याही दिशेला असो, नापास. पहिल्या वेल्डची बेरीज चाळिशीच्याही आत राहते. मर्यादा ओलांडली म्हणजे पात्र उद्या फुटतं असं नाही. भीती एका विशिष्ट प्रसंगाची असते: अपघातात गार पाणी जोरानं आत आलं, भिंतीचा आतला भाग एकदम आकसला आणि दाब मात्र चढाच राहिला, तर आत दडलेली छोटी तडही ठिसूळ पोलादात पळू शकते.

भिंतीत आत गेलं की मारा कमी होतो, ५ सेंटिमीटरवर पृष्ठभागाच्या ६२ टक्के. म्हणून आतला पृष्ठभाग आणि जाडीचा पाव भाग असे दोन हिशोब वेगळे ठेवावे लागतात. तापमानाचाही हात आहे: भिंत एक अंश गार चालली की सरक साधारण एक अंशानं वाढते, कारण गरम पोलादात विस्कटलेले अणू लवकर जागेवर येतात. मार्गदर्शिकेचे आकडे २७४ ते ३१० अंशांच्या दरम्यानच लागू आहेत. याहून गार चालणाऱ्या पात्राला ते लावले तर उत्तर खोटा दिलासा देतं.

तांब्याचा हा दोष १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या कामातून स्पष्ट झाला. त्यानंतर पात्राच्या इंधनासमोरच्या मधल्या पट्ट्यासाठी तांबं ०.१० टक्क्याच्या आत आणि फॉस्फरस ०.०१२ च्या आत अशा जादा अटी आल्या, तांब्याच्या मुलाम्याची वायर तिथे बंद झाली, आणि पुढे प्लेट वाकवून उभा वेल्ड मारण्याऐवजी अखंड घडीव कडी वापरू लागले. पण तोवर बनून गेलेली पात्रं चालू होती. मॅसॅच्युसेट्समधलं यांकी रो हे अणुवीज केंद्र त्यातलं दुःखद उदाहरण. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ते थांबवलं आणि १९९२ च्या फेब्रुवारीत कायमचं बंद करायचं ठरलं. त्याच्या वेल्डमध्ये तांबं किती याची खात्रीलायक नोंद नव्हती, आणि ते इतरांपेक्षा गार तापमानाला चालत होतं. पात्र खरंच वाईट होतं की नाही, हे कुणाला ठामपणे म्हणता आलं नाही. ते सिद्ध करण्याचा खर्च परवडेना.

आपल्याकडच्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या, दाबनळ्यांच्या. त्यांना असं जाड पात्रच नसतं. असं पात्र आहे ते १९६९ पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन एककांना आणि कुडनकुलमच्या व्हीव्हीईआर-१००० ना. तरीही जड पाण्याच्या भट्टीला हा प्रश्न चुकला नाही. रावतभाट्याच्या सुरुवातीच्या एककांत भट्टीच्या दोन टोकांची कवचं, म्हणजे एंड शील्ड, ३.५ टक्के निकेलच्या पोलादाची होती. थंडीत चिवट राहणारं म्हणून हे पोलाद नावाजलेलं. पण कमी तापमानाला मारा खाल्ला की इजा भरून निघत नाही. ते ठिसूळ झालं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या एककाच्या कवचाला तडे जाऊन पाणी गळलं. नरोऱ्याच्या भट्ट्यांपासून पुढे ३०४ एल स्टेनलेस स्टील घेतलं. त्याची स्फटिकरचना वेगळी, त्यात हे संक्रमण तापमानच नसतं.

ठिसूळ झालेलं पात्र काही अंशी सुधारता येतं. इंधन आणि आतला सगळा सांगाडा काढायचा, पाणी उपसायचं, विजेच्या हीटरचं कडं आत सोडायचं आणि वेल्डचा पट्टा ४७५ अंशांवर शंभरेक तास ठेवायचा. बारीक गाठी विरघळतात किंवा एकमेकींत मिसळून मोठ्या आणि विरळ होतात. रशियातल्या नोव्होव्होरोनेझच्या तिसऱ्या एककावर हे जरा कमी तापमानाला १९८७ मध्ये झालं, फिनलंडच्या लोव्हिसात १९९६ मध्ये. त्यानंतरची इजा सावकाश होते, कारण मोकळं तांबं कमी उरलेलं असतं. काम अवघड आहे ते गरम पट्टा आणि थंड नळ्यांची तोंडं यांच्यातला ताण सांभाळण्यात.

बूटीबोरी-हिंगण्यात दाबपात्रांची कामं करणाऱ्यांना आणि व्हीएनआयटीच्या धातुशास्त्राच्या मुलांना यातून थेट उचलण्यासारखं बरंच आहे. सर्टिफिकेटवर तांब्याचा रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ "तांबं नाही" असा घेऊ नका. मानकानं विचारलं नाही म्हणून कुणी मोजलं नाही, इतकाच तो अर्थ. ओतकामाचं विश्लेषण आणि तयार मालाचं विश्लेषण दोन्ही मागा. वेल्डचा नमुना वायरचा घेऊ नका, प्रत्यक्ष जमलेल्या वेल्डचा घ्या, आणि बेस प्लेट मिसळलेला तळाचा थर सोडून वरच्या थरातून घ्या. एकाच ठिकाणचा एक ठिपका पुरत नाही. वेल्डच्या लांबीवर निदान तीन-चार जागा आणि जाडीत दोन खोली. स्पार्क स्पेक्ट्रोमीटरला ०.०५ टक्के तांब्याचा प्रमाण-नमुना लावून आधी खात्री करा; फक्त ०.३० च्या नमुन्यावर बसवलेलं यंत्र खालच्या टोकाला भरवशाचं नसतं. घासायचा पट्टा किंवा ड्रिल त्याआधी पितळेवर वापरलं असेल तर आकडा फुगतो.

वायरचा हीट नंबर, म्हणजे ती पोलादाच्या कुठल्या ओतीतली त्याचा क्रमांक, आणि फ्लक्सचा लॉट प्रत्येक वेल्डच्या प्रत्येक थराशी जोडून लिहा. पात्राच्या आत चाचणीचे तुकडे कुपीत टांगतात, इंधनाच्या जरा जवळ, म्हणजे भिंतीच्या आधी त्यांना मारा बसतो आणि पुढची बातमी आधी कळते. ते तुकडे त्याच हीटच्या वायरचे आणि त्याच लॉटच्या फ्लक्सचे हवेत. जुन्या कित्येक पात्रांत कुपीतला वेल्ड एका वायरचा आणि भिंतीतला सगळ्यात वाईट वेल्ड दुसऱ्याच वायरचा निघाला. तीस वर्षं इमानानं चाचण्या करून उत्तर मिळालं ते भलत्याच पोलादाचं. नोंदी फाईलमध्ये सापडल्या नाहीत तेव्हा त्याच हीटच्या वायरचे दुसऱ्या पात्रांतले वेल्ड शोधून त्यांच्या तांब्याची सरासरी काढावी लागली. म्हणून जोडकामातून कापून उरलेला वेल्डचा तुकडा भंगारात टाकू नये. त्यावर हीट नंबर पंच करावा, तेल लावावं आणि कोरड्या जागी ठेवून द्यावा.